गाव आलं, घर यायचं होतं

बसा. जिथे असाल तिथेच, पण जरा सैल होऊन. मोबाइल उलटा करून बाजूला ठेवा. हे वाचायला फार वेळ लागणार नाही, तरी प्रत्येक परिच्छेदापाशी थोडं थांबा, एक सावकाश श्वास घ्या आणि मगच पुढे या. आज आपल्याला कुठे लवकर जायचं नाही.

आपण कोरोनाच्या, २०२० आणि २०२१ या वर्षांकडे वळणार आहोत. तेव्हा जे विशीत होते, त्यांच्या रोजच्या दिवसाकडे आणि त्यांच्या जाण्यायेण्याकडे. तुम्ही तेव्हा विशीत असाल तर स्वतःला आठवा. नसाल तर घरातलं, शेजारचं, हाताखाली काम शिकणारं असं कुणीतरी त्या वयाचं तुमच्या आसपास होतंच, त्याला आठवा. मनात एकच प्रश्न धरून ठेवायचा आहे. आपण कुणाच्या घरी पोचतो, तेव्हा नेमकं काय घडतं?

आधी श्वासाकडे लक्ष द्या. आत घेतलेला, बाहेर सोडलेला. त्यात तुम्हाला काही करावं लागत नाही. त्या दोन वर्षांत मात्र हाच श्वास आपण कापडाआडून घेतला, लिफ्टमध्ये रोखून धरला, शेजारी कुणी खोकलं तर मान वळवून घेतला. आपण एकाच हवेत जगतो, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात होती. ती अंगावर आली ती तेव्हा. तुमच्या छातीत आत्ता जी हवा आहे, ती थोड्या वेळापूर्वी दुसऱ्या कुणाची होती. हे भीतीविना, नुसतं ध्यानात घ्या.

आता एक मुलगी मनासमोर आणा. बावीस-तेवीस वर्षांची. तिला नाव द्यायची गरज नाही. तुमच्या ओळखीतला एखादा चेहरा आपोआप आला तर तो येऊ द्या. गाव कणकवली तालुक्यातलं. शिक्षण संपवून ती मुंबईला आली आहे, भांडुपला मामाच्या घरी राहते. एका खोलीत पाच माणसं, वर पोटमाळा. सकाळी भांडुपहून धिमी लोकल पकडायची, करी रोडला उतरायचं, तिथून चालत लोअर परळचं ऑफिस. बायकांच्या डब्यात चौथी सीट मिळाली तर अर्धं अंग बाहेर, पण बसायला मिळालं याचंच सुख. गाडीतल्या बायकांची नावं तिला माहीत नाहीत. कोण कुठे उतरते, एवढं पाठ आहे.

त्या गर्दीत एकदा मनानं उभे राहा. मुंबईची लोकल साथीच्या आधी रोज सुमारे ८० लाख प्रवासी वाहत होती. कुणाची कोपरं, कुणाचा गजरा, कुणाच्या डब्यातल्या भाजीचा वास. तेव्हा त्रास वाटायचा. पण तो त्रास देताना आणि सोसताना कुणीही कुणाला विचारत नव्हतं, तू कुठून आलीस, तुझ्या अंगात काय आहे. अनोळखी माणसाला इतकं जवळ उभं राहू देणं हा केवढा मोठा विश्वास होता, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. रोज मिळणाऱ्या गोष्टीचे आभार कोण मानतं?

मग २२ मार्च २०२० चा रविवार आला. जनता कर्फ्यू, संध्याकाळी पाच वाजता गॅलऱ्यांमधून थाळ्या. त्याच रात्रीपासून लोकल थांबली. २४ तारखेच्या मध्यरात्री सगळा देश २१ दिवसांसाठी बंद झाला आणि ते २१ दिवस पुढे वाढतच गेले. रुळांवरून मालगाड्या जात राहिल्या. माणसं जिथे होती तिथेच राहिली, किंवा पायी निघाली.

इथे थोडं थांबा. तुम्ही त्या रात्री कुठे होतात? कुठल्या खोलीत, कुणाबरोबर? ज्याच्याबरोबर अडकलात, तो तुम्ही निवडलेला होता की योगायोगानं तिथे होता? त्याचा चेहरा आठवा. पुढे जायची घाई नाही.

त्या मुलीचा मामा बेस्टमध्ये कंडक्टर आहे. अत्यावश्यक सेवेसाठी बस चालू, म्हणून तो रोज बाहेर जातो. संध्याकाळी परतला की थेट आत येत नाही. दाराबाहेर पाण्याची बादली आणि साबणाची वडी ठेवलेली असते. तो चपला कडेला काढतो, घड्याळ उतरवतो, कोपरापर्यंत हात धुतो, तिकिटाची पेटी पुसून खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवतो. मामी लांबून बादलीत गरम पाणी ओतते, त्यात तो गणवेश बुडवतो. त्याची पाच वर्षांची मुलगी उंबरठ्याच्या आत उभी असते. पूर्वी ती धावत जाऊन पायाला मिठी मारायची. आता तिला शिकवलं आहे, बाबांनी ‘ये’ म्हटल्याशिवाय जायचं नाही. ती मान वर करून वाट पाहते. बाप हात पुसत राहतो, पुन्हा पुसतो.

ही मिनिटं मनात हळूहळू उलगडा. घर समोर आहे, दार उघडं आहे, तरी माणूस अजून घरी आलेला नाही. तो स्वतःच स्वतःला बाहेर उभं करतो आहे, कारण आतल्या माणसांवर त्याचा जीव आहे. ‘मी काय घेऊन आलो आहे?’ हा प्रश्न तो रोज दाराशी स्वतःला विचारतो. आपल्यापैकी किती जणांनी घरात शिरताना कधी हा प्रश्न स्वतःला विचारला होता?

या आजाराचं अवघड दुखणं असं की, लक्षणं दिसण्याआधीही तो एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकत होता, आणि कित्येकांना तर लक्षणं कधी दिसलीच नाहीत. संसर्गापासून लक्षणांपर्यंत चौदा दिवसही लागू शकतात, म्हणून विलगीकरणाचे ते चौदा दिवस. विशीतल्या मुलामुलींना तुलनेनं कमी धोका, आणि त्यांच्याकडून घरातल्या आजी-आजोबांना जास्त. तरुण असणं म्हणजे अंगात जोर असणं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आपल्या धडधाकट अंगातूनच कुणाचं तरी मरण घरी जाऊ शकतं, हे त्या वयाला पहिल्यांदा कळलं. मार्च २०२० मध्ये राज्यानं घरी विलगीकरणात पाठवलेल्या लोकांच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूला निवडणुकीच्या शाईनं शिक्का मारायला सुरुवात केली. ज्या शाईनं पहिल्या मतदानाचा अभिमान बोटावर मिरवायचा, तीच शाई हातावर घेऊन माणसं बाही खाली ओढू लागली.

तुमचा डावा हात समोर धरा. त्याच्या मागच्या बाजूकडे पाहा. तिथे आज काही नाही. तरी काही वेळ पाहत राहा.

आता प्रवासाकडे येऊ. त्या वर्षी गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. कोकणातला चाकरमानी दिवाळीला एक वेळ जाणार नाही, पण गणपतीला जायचं म्हणजे जायचंच. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायला तेव्हा ई-पास लागत होता. गणपतीसाठी एसटीच्या गाड्या सोडल्या आणि एसटीनं जाणाऱ्यांना पासाची अट काढली, पण गावात पोचल्यावर दहा दिवस विलगीकरण. म्हणजे चतुर्थीला घरात बसायचं तर १२ ऑगस्टच्या आत गावाच्या हद्दीत हवं. ती मुलगी निघते. गाडीत एका आसनावर एकच प्रवासी. बाजूची जागा रिकामी, तिच्यावर तिची पिशवी. कशेडीला थांबून तपासणी, खारेपाटणला पुन्हा. कपाळासमोर धरलेलं ते थर्मामीटर. दर वेळी गाडी थांबली की पोटात गोळा, आणि ‘चला’ म्हटलं की सुटका.

एरवी हाच रस्ता गाण्यांचा, भजनांचा, पनवेल सोडल्यावर सुरू होणाऱ्या गप्पांचा. त्या दिवशी गाडीत बोलणं जवळजवळ नाही. खिडकीबाहेर ऑगस्टचं कोकण मात्र नेहमीसारखंच. भाताची लावणी होऊन गेलेली, शेतं हिरवीगार, डोंगरावरून पाणी उतरतंय. माणसांना पास लागत होता. पावसाला लागत नव्हता.

गाव येतं. एसटी फाट्यावर सोडून जाते. गावच्या कृती दलातले दोघे मास्क लावून उभे असतात, ओळखीचेच. एक तर तिच्याबरोबर शाळेत होता. तो नाव लिहून घेतो, नंबर लिहून घेतो, आणि नजर चुकवत सांगतो, ‘शाळेत व्यवस्था आसा.’ जिल्हा परिषदेची शाळा, तिचीच शाळा. मार्चपासून मुलं आलेली नाहीत. बाकं एका बाजूला सारलेली, भिंतीवर बाराखडी. पुढचे दहा दिवस ती या वर्गात झोपणार आहे. खिडकीतून खाली तिच्या घराची कौलं दिसतात, चुलीचा धूर दिसतो.

इथे पुन्हा थांबा, आणि हे अंतर नीट पाहा. मुंबईहून इथवरचा पल्ला तिनं एका दिवसात कापला. शाळेपासून घरापर्यंतचे दोन-तीनशे पावलांचं अंतर कापायला दहा दिवस लागणार आहेत. गाव आलं, घर यायचं आहे.

दुपारी आई येते. हातात केळीचं पान, त्यावर भात, वालीची उसळ, कडेला लोणचं; वरून दुसरं पान झाकलेलं. ताट आणलं असतं तर ते परत न्यावं लागलं असतं, धुवावं लागलं असतं. पान टाकून देता येतं. शाळेच्या पायरीवर ती पान ठेवते, दहा पावलं मागे जाते आणि फणसाखाली उभी राहते. मग मुलगी बाहेर येते, पान उचलते. मध्ये पाऊस पडतो आहे. दोघींना काय बोलावं सुचत नाही. ‘बारीक झालंस गो,’ एवढंच आई म्हणते. मुलगी विचारते, आजी कशी आहे? ‘बरी आसा. खळ्यात बसान ह्या बाजूक बघता.’ मुलगी जेवते, आई लांबून बघते. शेवटचा घास खाल्ल्यावरच आई जाते.

या पायरीपाशी मनाला थोडा वेळ बसू द्या. आईनं मागे टाकलेली ती दहा पावलं कसली होती? भीतीची होती, हे खरं. घरात आजी होती, तिच्या जिवाची काळजी होती, हेही खरं. आणि मुलीला उपाशी ठेवायचं नाही, डोळ्यांसमोर जेवू घालायचं, हेही त्याच पावलांत होतं. भीती आणि माया एकाच पायांवर उभ्या होत्या. एकीला खरी आणि दुसरीला खोटी ठरवायची आपल्याला घाई होते. ती करू नका. दोन्ही जशा होत्या तशा राहू द्या.

गावांचं वागणं सगळीकडे असं हळुवार नव्हतं, हेही विसरून चालणार नाही. काही वाड्यांनी रस्त्यावर झाडाच्या फांद्या आडव्या टाकल्या. मुंबईहून आलेल्या माणसाला दुकानात वाण्यानं माल दिला नाही, विहिरीवर बोलणी बसली. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या मनिऑर्डरीवर घरांची छपरं शाकारली गेली, देवळांचे जीर्णोद्धार झाले, त्या चाकरमान्याला आपल्याच गावात परक्यासारखं वागवलं गेलं. ज्यांना हे भोगावं लागलं, त्यांच्या मनातली सल अजून गेली नसेल. तुम्ही त्यांतले असाल, तर ती सल नाकारू नका. आणि तुम्ही फांद्या टाकणाऱ्यांतले असाल, तर तेव्हाची तुमची भीतीही आठवा: जवळचं मोठं हॉस्पिटल तासाभरावर, गावात म्हातारी माणसं जास्त, आणि रोज टीव्हीवर वाढते आकडे. दोन्ही बाजूंनी माणसंच उभी होती.

आता मन थोडं घट्ट करा, कारण न पोचलेल्या माणसांकडे गेल्याशिवाय हे मनन पुरं होणार नाही.

त्या मे महिन्यात जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर घरी जायला निघाले. श्रमिक विशेष गाड्या १ मेपासून सुरू झाल्या होत्या. भुसावळकडे गेलो तर गाडी मिळेल अशी आशा होती. रस्त्यावर पोलीस अडवतील म्हणून ते रुळांवरून चालत गेले. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले. नेहमीच्या प्रवासी गाड्या बंद आहेत, हे सगळ्या देशाला माहीत होतं. ८ मेच्या पहाटे मालगाडी आली. १६ जण गेले. त्यांनी वाटेसाठी घेतलेल्या पोळ्या रुळांवर पडलेल्या दिसल्या. त्यांच्यात विशीतली मुलं होती. तीही कुणाच्या तरी दाराशी जायला निघाली होती, आणि तिथेही कुणीतरी पानावर वाढून दहा पावलं मागे उभं राहिलं असतं.

त्यांच्यासाठी काही वेळ नुसतं गप्प बसा. कुठलाही निष्कर्ष काढू नका.

त्या वर्षीची आषाढी आठवते? १ जुलैला एकादशी होती. शेकडो वर्षं पायी चालत गेलेली वारी त्या वर्षी चालली नाही. दशमीला, ३० जूनला, संतांच्या पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या. लाखो वारकरी आपापल्या गावी, घरच्या तुळशीपाशी थांबले. वारकऱ्याला चालणं प्रिय, हे खरं. पण ‘मी गेलो नाही, माझी वारी चुकली’ असं म्हणत बसण्यापेक्षा त्यांनी माउलीला पाठवलं आणि स्वतः मागे राहिले. आपण न जाताही दुसऱ्याला पोचवता येतं, दुसऱ्याच्या पोचण्यात आपला वाटा असतो, ही समज त्या परंपरेत आधीपासून होती. त्या वर्षी ती कामी आली.

अकरावा दिवस उजाडतो. मुलगी शाळेतून घरी जाते. आजी खळ्यात उठून उभी राहते. मिठी मारायची की नाही, हे दोघींनाही कळत नाही. शेवटी आजी तिच्या डोक्यावरून हात फिरवते. चतुर्थीला गणपतीवर टांगलेल्या माटवीला फळं बांधली जातात. भजनाला वाडीतली माणसं घरोघर फिरत नाहीत, घरचेच चार जण आरती म्हणतात. सण छोटा झाला. पण त्या घरातल्या कुणालाही तो कमी वाटला नाही, कारण ती दारातून आत आली होती.

पुढचं तुम्ही जाणता. ऑफिसचं काम गावातून चालू राहिलं. घरात रेंज नाही म्हणून ती लॅपटॉप आणि छत्री घेऊन सड्यावर चढायची. तिथे कातळावर आणखी दोघं-तिघं आधीच बसलेले असायचे, कुणी कॉलेजचं लेक्चर ऐकणारं, कुणी मुलाखत देणारं. पुण्याच्या सदाशिव पेठेतून खोल्या सोडून आलेली स्पर्धा परीक्षेची मुलं पुढे ढकलल्या जाणाऱ्या तारखा बघत होती. एप्रिल २०२० मधली राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुढे जात जात मार्च २०२१ मध्ये झाली. वयाची गणितं ज्यांच्या डोक्यावर टांगलेली असतात, त्यांना असं एक वर्ष किती जड जातं, हे त्या खोल्यांमध्ये राहिलेल्यालाच ठाऊक.

मुंबईला परतल्यावर लोकलचीही अशीच वाट पाहणं. २१ ऑक्टोबर २०२० पासून बायकांना लोकलची मुभा मिळाली, पण सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांना प्रवेश मिळाला. आता हिशेब मांडा. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांचं लसीकरण १ मेपासून सुरू झालं, तेही टंचाईमुळे राज्यात मध्येच थांबलं. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांमध्ये किमान ८४ दिवस. म्हणजे दार उघडलं तेव्हा बहुतेक तरुण बाहेरच उभे होते. आधी ज्येष्ठ, मग पंचेचाळिशीचे, मग ते. त्यांनी वाट पाहिली. ही वाट पाहणं कुणी फारसं मोजलं नाही.

‘आमची दोन वर्षं वाया गेली,’ असं त्या वयाची मुलं आजही म्हणतात. तुम्हीही म्हणत असाल. हे वाक्य आता समोर ठेवा आणि शांतपणे त्याच्याकडे पाहा. त्यात दुःख आहे, ते खरं आहे. न झालेल्या सहली, न मिळालेला कॉलेजचा शेवटचा दिवस, गेलेल्या नोकऱ्या आणि व्हिडिओवरून पाहावे लागलेले अंत्यसंस्कार, यांतलं काहीच परत येणार नाही. पण दाराबाहेर हात धुणारा तो माणूस, शाळेच्या वर्गातल्या त्या रात्री, पायरीवरचं ते पान, हेही त्याच दोन वर्षांत घडलं. एका अख्ख्या पिढीनं ऐन उमेदीच्या वयात, आपल्याला फारसा धोका नसताना, दुसऱ्यासाठी थांबून दाखवलं. या थांबण्याला आपण अजून मान दिलेला नाही. तो द्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

प्रवास हा निघणाऱ्याचा पराक्रम असतो, असं आपण समजतो. तिकीट माझं, पिशवी माझी, वाट माझी. त्या वर्षांनी दाखवलं की, पोचणं एकट्याच्या हाती नसतं. कुणीतरी गाडी चालवतं, कुणीतरी नाक्यावर ‘चला’ म्हणतं, कुणीतरी पान वाढतं आणि कुणीतरी शेवटी आत घेतं. यातलं एक माणूस जरी नाही म्हणालं, तरी आपण रस्त्यावरच राहतो.

आता पुन्हा श्वासाकडे या. शेवटी तीन माणसं आठवायची आहेत, एकेका श्वासाबरोबर एक. पहिला श्वास त्याच्यासाठी, ज्यानं त्या काळात भीती असूनही तुम्हाला आत घेतलं. दुसरा त्याच्यासाठी, ज्याला तुम्ही घेऊ शकला नाहीत, किंवा जो पोचू शकला नाही. तिसरा त्याच्यासाठी, जो आज तुमच्या दाराशी उभा आहे: परगावाहून आलेला नवा भाडेकरू, ऑफिसात लागलेली नवी मुलगी, इमारतीच्या बांधकामावर राहणारं बिऱ्हाड, किंवा बऱ्याच दिवसांच्या अबोल्यानंतर परतलेलं घरचंच माणूस.

पहिल्याचे आभार राहिले असतील तर ते आजच माना. दुसऱ्याचं ओझं मनात वागवावं लागेल. ते झटकू नका. तिसऱ्याचं मात्र अजून काही बिघडलेलं नाही. आज विषाणूची भीती नाही, शिक्का नाही, पास नाही. तरीही त्याला बाहेर ताटकळत ठेवायला आपण रोज काही ना काही कारण शोधतो: आडनाव, भाषा, जात, जुनं भांडण. त्या काळात बाहेर उभं राहण्याला निदान दिवसांची मर्यादा होती. या माणसाला आपण किती दिवस सांगितले आहेत, हे स्वतःला विचारा, आणि उत्तर आलं की उठून कामाला लागा.